पिकल डिप करायचंय? क्रीम चीज राहू द्या, डेअरीतला चक्का आणा

निकाल आधीच सांगून टाकते, सविस्तर नंतर. पार्टीला ते क्रीमी पिकल डिप करायचं असेल, म्हणजे खाली घट्ट पांढरं आंबट-खारट मिश्रण, त्यात लोणच्यातल्या काकडीचे बारीक तुकडे आणि वर खरपूस भाजलेला कुरकुरीत चुरा, तर त्यासाठी मुंबईत मिळणारी सगळ्यात चांगली वस्तू सुपरमार्केटच्या फ्रीजमधल्या महागड्या डबीत नाहीये, ती नाक्यावरच्या मराठी डेअरीत आहे. चक्का. श्रीखंडाला आणतो तोच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांनी हे डिप खाल्लं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत फ्राइड पिकल्स म्हणून प्रकार आहे, लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या पिठात घोळवून तळतात. आर्कान्सा राज्यातल्या अ‍ॅटकिन्स गावात बर्नेल ऑस्टिन या माणसाने 1963 साली आपल्या ड्राइव्ह-इनवर, म्हणजे गाडीत बसूनच खायच्या हॉटेलात, ते विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि आपण भजी खाणारी माणसं, आपल्याला यातली गंमत वेगळी समजवायला नको. तर तीच चव तळणाची कढई न चढवता वाटीत आणायची म्हणून हे डिप. क्रीम चीज, सावर क्रीम, रँच मसाला, चिरलेली पिकल्स आणि तळलेल्या आवरणाच्या जागी बटरवर परतलेले पँको ब्रेडक्रम्स. रील्सवर दिसलं असेलच तुम्हाला. म्हणून वरचा कुरकुरीत थर ही सजावट नाही हे पहिलं डोक्यात घ्या, तो काढला तर खाली उरते ती काकडीची कोशिंबीर.

आता आपल्याकडे काय होतं, सावर क्रीम सगळीकडे मिळत नाही. क्रीम चीज मिळतं, अ‍ॅपवर मागवलं की दहा-पंधरा मिनिटांत दारात येतं, पण फ्रीजमधून काढल्यावर ते इतकं कडक असतं की तास-दीड तास बाहेर ठेवून मग बीटरने फेटावं लागतं नाहीतर गुठळ्या राहतात, वर त्यात साधारण एक तृतीयांश फॅट, चार वेफर्स झाले की टाळूला चिकटतं आणि पाहुणे प्लेट खाली ठेवून पाणी मागतात. चक्क्यात क्रीम चीजचा घट्टपणा आणि सावर क्रीमचा आंबटपणा एकाच गोळ्यात येतो, दोन वेगवेगळ्या वस्तू आणायलाच नकोत. शिवाय आमच्या इथे तरी वजनाला वजन धरलं तर चक्का क्रीम चीजच्या निम्म्याहून कमी पैशात येतो. वीस माणसांच्या पार्टीला हा फरक चांगला जाणवतो.

चक्का बघून घ्यायचा असतो हे मात्र खरं. दादरला मी जिथून घेते तिथे काका मोठ्या स्टीलच्या पातेल्यातून कालथ्याने गोळा कापून काढतात, आणि त्या गोळ्याच्या बाहेरच्या बाजूवर फडक्याची वीण उमटलेली दिसते, बारीक चौकट चौकट. ती स्पष्ट दिसली की समजायचं पाणी व्यवस्थित निथळलंय. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहिला पाहिजे आणि कडेने हिरवट पाणी झिरपता कामा नये. सरकारी मानकात चक्क्यामध्ये घन भाग किमान 30 टक्के लागतो, पण काउंटरवर उभं राहून ते मोजणार कोण, ती वीण बघा, पुरे होतं.

काकांना विचारलं, आजचाच ना? तर म्हणाले, "सकाळीच सोडलाय ताई. श्रीखंडाला की आणि कशाला?" म्हटलं पार्टीला डिप करायचंय, त्यात लोणचं घालणार. थोडा विचार करून म्हणाले, "मग आजच्या आज वापरा, उद्यापर्यंत आंबट चढेल, त्यात तुमचं लोणचं आंबट." अगदी बरोबर बोलले, या डिपमधली मुख्य गोष्ट तीच आहे. आणि माझा अर्धा पॉइंट तिथेच गेला. चक्क्याचा आंबटपणा रोज सारखा नसतो, डेअरीगणिक बदलतो, मे महिन्यात तर सकाळचा चक्का आणि संध्याकाळचा चक्का यांत फरक लागतो. डबीतलं क्रीम चीज केव्हाही उघडा, चव तीच. श्रीखंडात भरपूर साखर पडते म्हणून आंबटपणा झाकला जातो, डिपमध्ये साखर जवळजवळ नाहीच आणि वरून पिकलमधलं व्हिनेगर, त्यामुळे चक्का घेताना चमच्याच्या टोकावर चाखायला मागायचाच, मराठी डेअरीवाले देतात, लाजू नका.

माझं प्रमाण असं, पाव किलो चक्क्याला तीन ते चार टेबलस्पून मेयोनीज आणि दोन टेबलस्पून फ्रेश क्रीम. अमूलचं 25 टक्के फॅटवालं टेट्रापॅक चालतं, पॅक आधी फ्रीजमध्ये गार करून वरचा घट्ट भाग घ्यायचा, खालचं पाणी नको. साखर चिमूटभरच, गोड लागायला नाही तर धार कमी करायला. रँच मसाल्याचं पाकीट शोधत फिरायची गरज नाही, लसूण पावडर, कांदा पावडर, मिरी आणि शेपू एवढ्यात ती चव येते. ताजा लसूण घालणार असाल तर एकच पाकळी, तीही किसून, कारण कच्चा लसूण फ्रीजमध्ये तासागणिक उग्र होत जातो आणि संध्याकाळी डिपमध्ये दुसरं काही लागतच नाही. आणि मिश्रण मिक्सरला लावू नका प्लीज, चक्का मिक्सरमध्ये सैल पडतो. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा साध्या चाळणीतून हाताने घासून काढा, श्रीखंडाला करतो तस्संच, इतकं रेशमी होतं की बाहेरच्या कुठल्याही डिपला मागे टाकेल.

घरी दही टांगून चालेल का असं बऱ्याच जणी विचारतात. चालेल की. एक किलो घट्ट दह्याचा साधारण चारशे ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो, दही कसं आहे त्यावर कमीजास्त. फक्त मुंबईच्या हवेत रात्रभर नळाला टांगून ठेवू नका, चाळणीवर फडकं घालून फ्रीजमध्ये ठेवा, आंबट कमी होतो. ग्रीक योगर्टचे डबे मी वापरून बघितलेत, प्लेन असेल तर चवीला ठीक, पण सैल असतात, परत फडक्यात बांधावेच लागतात, मग चक्काच काय वाईट आहे.

आता लोणचं, म्हणजे बाटलीतले घेरकिन्स. घेरकिन्स इम्पोर्टेडच चांगले असा समज आहे तो आधी काढून टाका. ही छोटी काकडी आपल्याच देशात पिकते, कर्नाटकात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लागवड सुरू झाली, मग तामिळनाडू, आंध्र, तेलंगणातही गेली, साधारण 90 दिवसांचं पीक, बहुतेक शेती कंपन्यांशी करार करून, आणि जवळजवळ सगळा माल बाहेर जातो. 2020-21 मध्ये काकडी आणि घेरकिन्स मिळून सव्वादोन लाख टनांच्या आसपास निर्यात झाली होती. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटात परदेशी लेबल बघून तुम्ही जी बाटली दुप्पट पैसे मोजून घेता तिच्यातली काकडी कोलारकडची असायचीही शक्यता आहे. मागचं लेबल वाचा, पुढचं नाही.

लेबलवर काय वाचायचं तर साखर कितव्या नंबरवर लिहिलीये. काकडी, पाणी, व्हिनेगर, मीठ आणि मग मसाले असा क्रम असेल तर ती बाटली डिपसाठी उत्तम. साखर तिसऱ्या नंबरला असली की ती बर्गरची बाटली, तिने डिप गुळचट होतं आणि चक्क्याबरोबर फारच विचित्र लागतं. तयार चकत्यांपेक्षा अख्खे घेरकिन्स घ्या, चकत्या आतून लवकर मऊ पडलेल्या असतात. एका ब्रँडची बाटली मी अ‍ॅपवरून मागवली होती, नाव नाही घेत, झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि आतल्या काकड्या बोटाने दाबल्या की आत जात होत्या, तक्रार केल्यावर पैसे परत आले पण पार्टी त्याच संध्याकाळी होती. तेव्हापासून ही एक वस्तू दुकानात हातात धरूनच घेते. बाटली उलटी करून बघायची, पाणी गढूळ नको, झाकणाचा मध्य फुगलेला नको. चांगली बाटली मिळाली तर घेरकिन्सना माझे चार स्टार, एक कमी कारण दुकानागणिक नशीब बदलतं.

पाव किलो चक्क्याला निथळलेले घेरकिन्स साधारण दीडशे ग्रॅम. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं काम येतं जे रील्सवाले दोन सेकंदांत उडवतात. काकडीत 95 टक्के पाणीच असतं. बारीक चिरलं की सगळ्या कापलेल्या कडांमधून ते बाहेर यायला लागतं आणि मिश्रणातलं मीठ ते आणखी ओढून काढतं. म्हणून चिरल्यावर सुती फडक्यात घेऊन पिळा, नुसतं निथळू देऊन भागत नाही, पिळाच, पुरणपोळीच्या डाळीचा कट काढतानाही आपण एवढा धीर धरतो. पिळल्यावर हातात कोरडे, चावायला कुरकुरीत हिरवे दाणे राहिले पाहिजेत. पिळून आलेलं पाणी फेकू नका, चव तिथे आहे, शेवटी एक-एक चमचा करून परत घाला, किती घालायचं ते चक्का किती आंबट आहे त्यावर. मीठ मात्र त्याआधी अजिबात नाही.

आणि हे खास कोकणातल्या मंडळींसाठी. ज्यांच्या घरी मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी असते, गावाहून बरणीत येते ती, त्यांनी निम्मे घेरकिन्स आणि निम्मी ती कैरी घालून बघा. मसाला नाही, तेल नाही, नुसतं मीठ आणि पाणी, त्यामुळे अमेरिकन पिकलच्या चवीला आपल्याकडचं सगळ्यात जवळचं लोणचं तेच आहे, वर कैरीचा करकरीत चावा राहतो जो बाटलीतल्या काकडीत कधीच एवढा नसतो. मला हे मूळ डिपपेक्षा जास्त आवडतं, मनापासून सांगते. आमच्याकडे सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, कैरी भाताबरोबर खायची सोडून हे काय, पण नंतर त्यांनीच वाटी भरून बाजूला काढून ठेवली. फक्त कैरी आधी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, खारटपणा उतरतो.

मोहरी-मेथीचं तेलाचं लोणचं घालून डिप करतात ते मी पण खाल्लंय, वाईट नाही, पण तो वेगळा पदार्थ आहे. हिंग आणि मेथी पुढे येतात, तेल वर तरंगतं, रंग केशरी होतो. त्याला पिकल डिप म्हणून आणू नका एवढंच.

शेपूबद्दल बोलायलाच हवं कारण हीच ती पिकलची ओळखीची चव. बाटल्यांवर डिल म्हणून कौतुकाने लिहितात, सुकलेल्या डिलची छोटी बरणी चांगल्या पैशांना विकतात, आणि दादर स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशींकडे ताजी जुडी रोज पडलेली असते. आपला शेपू जरा तिखट वासाचा असतो, म्हणून जाड देठ काढून टाका, फक्त वरची पिसासारखी कोवळी पानं, अगदी बारीक चिरून दोन टेबलस्पून, जास्त नको. शेपूची भाजी बघून जे ताटावरून उठतात ते हे डिप बोटं चाटून खातात, हे मी आमच्याच घरात बघितलंय.

आता कुरकुरीत थर, मुंबईत सगळं गणित इथेच बिघडतं. पँको ब्रेडक्रम्स क्रॉफर्ड मार्केटात आणि मोठ्या दुकानांत मिळतात, जपानमध्ये ते बिनकडेच्या पावापासून करतात, मोठे हलके कुरकुरीत तुकडे, वस्तू चांगलीच आहे. पण माझं मत इराण्याच्या बेकरीतल्या ब्रुनला. आदल्या दिवशीचा ब्रुन पाव आणा, हाताने मोडा, मिक्सरला फक्त एक-दोन वेळा फिरवा, पीठ होऊ देऊ नका, मुगाएवढे तुकडे दिसले पाहिजेत. ब्रुनची कड मुळातच कडक आणि खमंग असते, त्यामुळे चुऱ्याला जी भाजलेली चव येते ती पँकोला नाही. एक कप चुऱ्याला दोन टेबलस्पून बटर, मंद गॅसवर सहा-सात मिनिटं, सतत हलवत, शेवटच्या मिनिटाला लसूण पावडर आणि चवीपुरतं लाल तिखट. रंग बदामी झाला की लगेच ताटात पसरा, कढईत ठेवलात तर तळाचा जळतो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, कोमट भरला की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो.

पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, जुलैमधली पार्टी असेल तर चुरा घट्ट झाकणाच्या डब्यातून बाहेर काढायचा तो फक्त पहिली प्लेट उचलली जाईल तेव्हाच. आधी दोन तास पेरून फ्रीजमध्ये ठेवलेलं डिप बऱ्याच पार्ट्यांत बघितलंय, वरचा थर ओल्या पावासारखा झालेला असतो आणि लोक म्हणतात एवढं काय आहे यात. बिचाऱ्या डिपची काही चूक नसते.

चुऱ्याला दुसरा पर्याय पारशी सल्ली, बटाट्याच्या त्या केसासारख्या बारीक काड्या. वेफर्सच्या दुकानात ताजी मिळाली तर घ्याच, भाजायची भानगड नाही, वरून मूठभर टाकली की झालं, लहान मुलांना तर हीच जास्त आवडते. ब्रुनला पाच, सल्लीला साडेचार. वडापावच्या गाडीवरचा चुरापण टाकून बघितला, चव बेसनाची, भन्नाट, पण तेल सोडतो आणि पांढऱ्या डिपवर पिवळे डाग पडतात. घरच्या घरी खायला मस्त, पाहुण्यांसमोर नको. मक्याचे कॉर्नफ्लेक्स चुरून घालतात ते मात्र मला पटलेलं नाही, गोडसर लागतात.

वाढायचं भांडं खोल नको. उथळ पसरट डिश घ्या, नाहीतर पहिले चार जण वरचा थर खाऊन टाकतात आणि मागून येणाऱ्यांना नुसतं पांढरं मिळतं. अर्धा चुरा वर आणि अर्धा बाजूच्या वाटीत, म्हणजे थर संपला की परत पेरता येतो. बरोबर साधे मिठाचे जाड वेफर्स, मसाला वेफर्स नकोत, मसाल्यात शेपू हरवतो. खारी मोडते, डिपमध्ये अर्धी बुडून राहते, तिच्यापेक्षा बेकरीतले कडक जिरा बटर चांगले, बुडवायला कणखर. गाजराच्या काड्या ठेवल्या तर डाएटवाल्यांची सोय होते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या पार्टीत समोसे मागे राहिले आणि हे संपलं, त्यानंतर तीन घरांतून प्रमाण विचारायला मेसेज आले, म्हणूनच एवढं लिहायला बसले.

गच्चीवरून आठवलं, दुधाचा पदार्थ आहे, उकाड्यात बाहेर ठेवायचा नाही. 4 ते 60 डिग्रीच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, त्यामुळे दोन तासांच्या वर डिप बाहेर नको, आणि एप्रिल-मेमध्ये 32 डिग्रीच्या वर गेलं की एकच तास धरा. मी दोन छोट्या डिशमध्ये करते, एक टेबलवर, एक फ्रीजमध्ये, पहिली संपली की दुसरी काढायची. मोठ्या परातीत बर्फ घालून त्यात डिश ठेवली तरी चालतं, फक्त बर्फ वितळून डिपमध्ये पाणी जाणार नाही एवढं बघा.

पाडवा आणि दसऱ्याच्या आसपास पार्टी असेल तर चक्का आधी सांगून ठेवा, त्या दिवसांत डेअरीसमोर श्रीखंडवाल्यांची रांग असते आणि दुपारपर्यंत पातेलं रिकामं. बाकी वर्षभर दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे कुठेही सहज मिळतो. चुरा दोन-तीन दिवस आधी करून ठेवता येतो, चक्का आणि बाकी मिश्रण त्याच दिवशी सकाळी, आणि पिळलेले घेरकिन्स पाहुणे यायच्या तासभर आधी मिसळा. उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेडला लावून वर टोमॅटो ठेवून टोस्ट करा, पण संध्याकाळपर्यंत संपवाच, त्यानंतर कितीही पिळलेलं असलं तरी काकडी पाणी सोडतेच.